बँकेच्या कागदावरचे जड इंग्रजी शब्द: सही करण्याआधी एवढे शिकाच



"सर, इंग्रजी सुधारायचंय, रोज दहा शब्द पाठ करतो," असं बरेच जण सांगतात. चांगलं आहे. पण ते दहा शब्द घेता कुठून? परीक्षेच्या पुस्तकातला 'युबिक्विटस' गल्ल्यावर बसून कशाला लागतो? मला तरी आजवर एकाही गिऱ्हाइकाने तो ऐकवलेला नाही. धंद्याला लागणारं ॲडव्हान्स्ड इंग्रजी एका ठिकाणी आयतं मिळतं, ते म्हणजे कर्जाचं सँक्शन लेटर आणि त्याच्यासोबतचा करारनामा. आज त्यातलेच शब्द घेऊ.

सगळ्यात फसवा शब्द आधी. 'जॉइंटली अँड सेव्हरली लाएबल'. शाळेत आपण 'सेव्हरल' म्हणजे 'अनेक' असं शिकलो. इथे तो अर्थ नाही. इथे 'सेव्हरली' म्हणजे प्रत्येक जण स्वतंत्रपणे, एकेकटा. समजा दोन भागीदारांनी मिळून 8 लाखांचं कर्ज घेतलं आणि एक जण गाव सोडून गेला. बँक उरलेल्याकडे 4 लाख नाही, पूर्ण 8 लाख मागू शकते. दुसऱ्याचा वाटा त्याच्याकडून वसूल करायचं काम मग तुमचं.

याचाच भाऊ म्हणजे 'गॅरंटर', आपला जामीनदार. "नुसती सही तर आहे," म्हणून आपण करून टाकतो. भारतीय करार कायदा, 1872 मधलं कलम 128 सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. तिथला शब्द आहे 'को-एक्स्टेन्सिव्ह'. 'को' म्हणजे सोबत, 'एक्स्टेन्सिव्ह' म्हणजे पसरलेलं. जिथवर कर्जदाराची जबाबदारी, तिथवर जामीनदाराची. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या," असं बँकेला सहसा म्हणता येत नाही. मेहुणा किंवा शेजारचा दुकानदार सही मागायला आला की हा शब्द आठवा. नाही म्हणा असं मी म्हणत नाही. पण त्याचं पूर्ण कर्ज आपल्याला झेपेल का, एवढा हिशोब घरी बसून करा.

आता तारणाचे तीन शब्द. 'प्लेज' म्हणजे वस्तू बँकेच्या ताब्यात, जसं सोनेतारण. 'मॉर्गेज' जमीन, घर, गाळा यांच्यासाठी. आणि 'हायपोथिकेशन' म्हणजे नजरगहाण: माल, मशीन किंवा टेम्पो तुमच्याच ताब्यात, वापरायला मोकळा, पण कर्ज फिटेपर्यंत त्यावर बँकेचा बोजा. टेम्पोचं आरसी बुक काढून बघा, बँकेच्या नावाची नोंद दिसेल. शेवटचा हप्ता गेला की ती नोंद आपोआप पुसली जाते असं धरून चालू नका. बँकेकडून ना हरकत पत्र घ्या, फॉर्म 35 भरा आणि आरटीओकडून नोंद काढून घ्या. नाहीतर गाडी विकताना अडकाल.

'मोरेटोरियम' 2020 च्या लॉकडाउनमध्ये सगळ्यांनी ऐकला. मूळ लॅटिन, त्यात उशिराचा अर्थ आहे. माफीचा नाही! माफीला 'वेव्हर' म्हणतात. मोरेटोरियममध्ये हप्ता थांबतो, व्याज चालूच राहतं. 5 लाखांवर 12 टक्के दराने सहा महिन्यांचं साधं व्याजच 30 हजार होतं.

काही शब्दांत डिक्शनरीच गोंधळ घालते. अमेरिकेच्या बातम्यांत 'फोरक्लोजर' म्हणजे हप्ते थकल्यामुळे घर जाणं. आपल्याकडे 'फोरक्लोजर चार्जेस' म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडलं तर लागणारं शुल्क. तसंच 'एक्झिक्यूट द ॲग्रीमेंट' म्हणजे करारावर रीतसर सह्या करणं. तिथे कुणाला फाशी नाही.

म्हणून सुटा शब्द पाठ करू नका. वहीत शब्द लिहा, खाली कागदातलं पूर्ण वाक्य उतरवा आणि त्याखाली मराठीत लिहा, 'म्हणजे माझ्या खिशातून काय जाणार?' हे तिसरं वाक्य जमलं नाही तर शब्द आलेला नाही, असं समजा.

आणि एक हक्काची गोष्ट. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या रिटेल आणि एमएसएमई मुदत कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने 'की फॅक्ट स्टेटमेंट' बंधनकारक केलं आहे. वर्षाचा एकूण खर्च दाखवणारा दर, म्हणजे एपीआर, आणि सगळी शुल्कं त्यात असतात. जे शुल्क त्यात नाही, ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. मुख्य म्हणजे ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं आणि समजावूनही सांगायचं असतं. तेव्हा साहेबांनी फक्त इंग्रजी प्रत पुढे केली, तर सरळ म्हणा, "मराठीतली पण द्या." दोन्ही प्रती घरी आणा, शेजारी शेजारी ठेवा आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ जुळवत वाचा.