दोषी कोण नव्हे, कारण काय?

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशात टक्कर झाली. ३४९ जणांनी प्राण गमावले. अशा अपघाताचा तपास कोणी करावा? वैमानिकाला उड्डाण कळते, अभियंत्याला यंत्र कळते. परंतु तपास ही स्वतंत्र विद्या आहे.

प्रशिक्षणार्थी प्रथम स्वसंरक्षण शिकतो. कारण अवशेषांत धारदार धातू, जळालेले तंतू व रोगसंसर्ग यांचा धोका असतो. नंतर अवशेषांची नोंद ठेवणे, ‘ब्लॅक बॉक्स’ जपणे आणि साक्षीदाराला उत्तर न सुचवता बोलते करणे तो शिकतो.

सर्वांत कठीण धडा मात्र मनाचा असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तपासाचा एकमेव उद्देश पुढील अपघात टाळणे हा आहे. दोष ठरवणे हा नव्हे. चरखी दादरीला एक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. ‘चूक कोणाची?’ एवढ्यावरच विचार थांबला असता, तर ‘ती वेळीच का कळली नाही?’ हा प्रश्न राहून गेला असता. या अपघातानंतर भारतात विमानांमध्ये टक्करीचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

पाठगत प्रश्न
१. तपासाचा एकमेव उद्देश कोणता?
२. साक्षीदाराला उत्तर का सुचवू नये?