फसलेली पुनःस्थापना आणि सुरू न होणारा लॅपटॉप

बिघडलेले यंत्र पूर्वी होते तसे व्हावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. संगणकाच्या बाबतीत ही इच्छा पुरविणारी सोय म्हणजे ‘सिस्टम रिस्टोअर’. ज्या २००० साली छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, त्याच साली ही सोय विंडोजच्या ‘मिलेनियम’ आवृत्तीत प्रथम आली. आपण तिला पुनःस्थापना म्हणू. परंतु ही पुनःस्थापनाच मध्ये खंडित झाली, तर लॅपटॉप मुळीच सुरू होत नाही. असे का होते व अशा वेळी काय करावे, हे या पाठात पाहावयाचे आहे.

यंत्र जागे कसे होते?

कळ दाबताच मुख्य फलकावरील एका चिपमध्ये साठविलेली ‘यूईएफआय’ ही आज्ञावली प्रथम चालू होते. ती स्मृती, कळफलक, डिस्क इत्यादी अवयवांची हजेरी घेते आणि डिस्कच्या एका लहानशा राखीव भागातील ‘बूट मॅनेजर’ला हाक मारते. बूट मॅनेजर विंडोज कोठे आहे हे आपल्या नोंदींत पाहून तिचा गाभा स्मृतीत आणवितो. गाभा ‘रजिस्ट्री’ ही नोंदवही उघडतो व तीत लिहिल्याप्रमाणे प्रत्येक अवयवाचा ‘ड्रायव्हर’ कामास लावतो. एक कडी निसटली की पुढची सारी साखळी थांबते.

बिघाड कोठे होतो?

पुनःस्थापना आपले लेख वा छायाचित्रे यांना हात लावीत नाही. ती रजिस्ट्री, ड्रायव्हर व व्यवस्थेच्या इतर फाइली यांच्या जागी जुन्या प्रती बसविते. समजा, रायपूरच्या शंकर नगरातील एखाद्या घरी पावसाळ्यातील संध्याकाळी हे काम चालू असता वीज गेली आणि जुनी झालेली बॅटरी तग धरू शकली नाही. नोंदवही जुनी झाली, काही फाइली मात्र नव्याच राहिल्या. आता नोंदवही ज्या ड्रायव्हरचे नाव घेते, तो जागेवर नाही. डिस्कवरील सदोष जागा किंवा विषाणुरोधक आज्ञावलीचा अडथळा यांमुळेही हेच घडू शकते.

यंत्राचे अवयव धड असूनही ते सुरू होत नाही, हे जगाने १९ जुलै २०२४ रोजी अनुभवले. एका सुरक्षा-आज्ञावलीच्या सदोष फाइलीमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

प्रथम रोग ओळखावा. कळ दाबूनही दिवा लागत नसेल, तर दोष विजेचा किंवा यंत्राचा आहे. चार्जर व जोडलेली सर्व उपकरणे काढून कळ अर्धा मिनिट दाबून धरावी व मग चार्जर लावून पाहावे. कंपनीचे चिन्ह उमटून पडदा पुढे निळा वा काळा होत असेल, तर दोष वरील साखळीत असण्याचा संभव अधिक.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: दुरुस्तीपूर्वी आपला मजकूर सुरक्षित करावा. विद्यार्थ्याचा प्रबंध किंवा दुकानदाराचा हिशेब यांची किंमत यंत्राहून अधिक असते. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून लॅपटॉप चालू करावा व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी किल्ली लागते, ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

यानंतर दुरुस्ती. सुरू होण्याचा प्रयत्न दोन-तीन वेळा फसला की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथे ‘ट्रबलशूट’ व ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन प्रथम ‘स्टार्टअप रिपेअर’ योजावे. त्याने न भागल्यास ‘सेफ मोड’ पाहावा. त्यात केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर चालतात. तेही न जमल्यास त्याच पडद्यावरून दुसरा, अधिक जुना पुनःस्थापना-बिंदू निवडावा. जाणकाराने ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये ‘चेकडिस्क’ने डिस्क, ‘एसएफसी’ने व्यवस्थेच्या फाइली आणि ‘बीसीडीबूट’ने बूट मॅनेजरच्या नोंदी दुरुस्त कराव्यात. मात्र येथे विंडोजचे अक्षर ‘सी’च असेल असे नाही, ते आधी तपासावे.

शेवटचा मार्ग ‘रीसेट’. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडल्यास वैयक्तिक फाइली राहतात, पण आपण बसविलेल्या आज्ञावल्या जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडल्यास सर्वच जाते. म्हणून मजकूर आधी वाचवावा, असे वर सांगितले.

तात्पर्य

पुनःस्थापना-बिंदू त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली की तेही जातात. तेव्हा पुनःस्थापना म्हणजे राखीव प्रत नव्हे. पुनःस्थापनेपूर्वी चार्जर जोडावा, बॅटरी पुरेशी भरलेली असावी, आणि मोलाच्या फाइलींची एक प्रत लॅपटॉपच्या बाहेर ठेवावी. काम चालू असता धीर सोडून कळ दाबू नये.

स्वाध्याय

१. पुनःस्थापना अर्धवट राहिल्यास साखळीतील कोणती कडी निसटते?
२. दुरुस्तीपूर्वी मजकूर वाचविणे आवश्यक का आहे?