समुद्रतळावरील चांदीचे रुपये

सन १९६१ च्या मार्च महिन्यात सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) दक्षिण किनाऱ्यापासून काही अंतरावरील 'ग्रेट बॅसेस' नावाच्या खडकांच्या रांगेजवळ माइक विल्सन हे चित्रपट-छायाचित्रकार पाण्याखाली चित्रीकरण करीत होते. तेथे त्यांना एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष, लहान तोफा आणि चांदीच्या नाण्यांचे घट्ट चिकटलेले गोळे आढळले. विख्यात लेखक आर्थर सी. क्लार्क हे विल्सन यांचे सहकारी. या शोधाची हकीकत त्यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या 'द ट्रेझर ऑफ द ग्रेट रीफ' या पुस्तकात सांगितली आहे. गोण्या केव्हाच कुजून गेल्या होत्या, परंतु आतील नाणी एकमेकांस इतकी जखडलेली होती की, गोळ्यांना गोणीचाच आकार राहिला होता. एका गोणीत सुमारे एक हजार रुपये मावत असत.

ही नाणी कोठली होती? ती औरंगजेबाच्या नावाची, सुरतेच्या टांकसाळीत पाडलेली आणि हिजरी १११३, म्हणजे इ. स. १७०१-०२ या सालची होती. सुरत हे त्या काळी मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर. युरोपीय व्यापारी कापड आणि नीळ खरेदी करण्यासाठी जी चांदी आणीत, तिचा मोठा भाग याच टांकसाळीत रुपयांच्या रूपाने पुन्हा पाडला जाई. महाराष्ट्राच्या वाचकास या सालाची आणखी एक ओळख आहे. राजाराम महाराजांच्या निधनानंतर महाराणी ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली होती, आणि १७०२ च्या पूर्वार्धात खुद्द बादशहा विशाळगडाच्या वेढ्यात गुंतून पडला होता. बादशहा सह्याद्रीत आणि त्याच्या नावाचा रुपया हिंदी महासागरात, असा हा योग होता. ते जहाज कोणाचे, याचा निर्णय झालेला नाही. त्याच्या शेवटच्या प्रवासाचा काळ मात्र नाण्यांनीच सांगितला, कारण १७०१ पूर्वी ते बुडालेले असणे शक्य नाही.

समुद्रातून निघालेल्या नाण्याचे खरे मोल येथे आहे. जमिनीत पुरलेल्या हंड्यात दोन-तीन पिढ्यांची बचत एकत्र सापडू शकते. जहाजावरील रक्कम मात्र बहुधा एका व्यवहाराची आणि एका तारखेची असते. नाणे ज्या ढिगातून आले त्या ढिगाशी त्याचा संबंध तुटला की, चांदीचा एक तुकडा तेवढा उरतो. म्हणून जाणता संग्राहक नाण्याबरोबर त्याची कुळकथाही मागतो : कोणते जहाज, केव्हा बुडाले, नाणी कोणी, कोणत्या परवानगीने काढली. ही माहिती नसलेले नाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

नाणे ओळखण्याच्या नेहमीच्या कसोट्या येथे जपून लावाव्या लागतात. मोगल रुपयाचे वजन साधारणतः साडेअकरा ग्रॅम भरते. खाऱ्या पाण्यात चांदीवर क्लोराइड व सल्फाइड यांची काळपट पुटे चढतात, मिश्रणातील तांबे आधी झिजते आणि वाळू वरचे अक्षर घासून टाकते. त्यामुळे अस्सल नाणेही वजनात कमी भरते. गोळ्याच्या बाहेरच्या अंगाचे नाणे कागदासारखे पातळ झालेले असते, तर मधले जणू काल पाडल्यासारखे निघते. नकली माल विकणारे याच गोष्टीचा फायदा घेतात. साच्यात ओतलेल्या नाण्यावरील बुडबुड्यांचे खड्डे समुद्राने पाडलेले म्हणून दाखविले जातात. अशा वेळी काठ तपासावा. साच्याच्या दोन भागांची जोडरेषा तेथे बहुधा सापडते.

सापडलेली सर्व नाणी संग्रहात जातात, असेही नाही. 'सिटी ऑफ कैरो' हे जहाज १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून निघाले, तेव्हा त्यावर ब्रिटिश सरकारची सुमारे शंभर टन चांदीची नाणी होती. ६ नोव्हेंबर १९४२ रोजी दक्षिण अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुडीने ते बुडविले. जहाजावरील ३११ जणांपैकी १०४ जण मृत्युमुखी पडले. पाच हजार मीटरहून अधिक खोलीवरून त्यातील पुष्कळशी चांदी वर काढण्यात आल्याचे २०१५ साली जाहीर झाले; तोवर ती वितळवून विकण्यात आली होती. याउलट, १८०४ साली बुडालेल्या 'मर्सेडीज' या स्पॅनिश जहाजावरील सुमारे सहा लक्ष नाणी एका अमेरिकन कंपनीने २००७ मध्ये काढली असता न्यायालयाने ती स्पेनची ठरविली आणि २०१२ मध्ये ती त्या देशाच्या स्वाधीन झाली. आज ती संग्रहालयाच्या मालकीची आहेत.

भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखाली पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. जहाजाच्या अवशेषांसाठी नौवहन कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची खडकाजवळच्या सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचा अभ्यास केला, तेव्हा हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात यांसारख्या वस्तूंवरूनही व्यापाराचे मार्ग उलगडले.

कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यात किंवा भरतीनंतर वाळूत असे एखादे नाणे आले, तर ग्रामपंचायतीने व शिक्षकांनी प्रथम जागा आणि दिवस लिहून ठेवावा व तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवावे. नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये, चिकटलेली नाणी सुटी करू नयेत. ती गोड्या पाण्यात बुडवून ठेवावीत व पाणी अधूनमधून बदलावे, कारण आतला क्षार वाळला की पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात आणि त्याबरोबर अक्षरेही जातात.