शोधायचं काय, त्यावर सूची ठरते



शाळेचं जनरल रजिस्टर हा आपल्या रोजच्या वापरातला डेटाबेसच आहे. मूल दाखल झालं की पुढचा रजिस्टर नंबर पडतो आणि नोंद शेवटी चढते. नंबर माहीत असेल तर पान लगेच सापडतं. नसेल तर?

समजा, इथे मुरुडमध्ये एक पालक शाळेत आले. मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी तिच्या आजोबांची नोंद हवी आहे. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव माहीत आहे, साल अंदाजे. चार हजार नोंदी एकेक करून वाचायच्या का? इथे सूची, म्हणजेच इंडेक्स, कामाला येते. पण ती कशावर करायची?

आडनावावर केली तर कोकणात एका वाडीत निम्मी घरं एकाच आडनावाची. शिवाय काही जुन्या नोंदींत आडनावच नसतं. ज्या रकान्यात तेच तेच येतं, त्याची सूची फारसं काम वाचवत नाही. त्यापेक्षा विद्यार्थ्याचं नाव, मग वडिलांचं नाव, मग साल अशी जोडसूची बरी. मात्र क्रम महत्त्वाचा. फक्त वडिलांचं नाव माहीत असेल तर ही सूची उपयोगी नाही. शब्दाचं दुसरं अक्षर धरून शब्दकोश बघता येत नाही, तसंच.

सूचीचे दोन मुख्य प्रकार :

१) क्रमवार सूची : मधोमध उघडायची, नाव अलीकडे की पलीकडे ते पाहायचं, उरलेल्या भागाचं पुन्हा तेच. चार हजार नावांत जास्तीत जास्त १२ वेळा पाहावं लागतं. संगणकातली बी-ट्री याच जातीची. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी ती बोइंग कंपनीत काम करताना तयार केली. त्यांचा लेख १९७२ साली प्रसिद्ध झाला. तिच्या एकेका पानावर बरीच नावं मावतात, म्हणून पानं आणखी कमी उघडावी लागतात.

२) खणांची सूची (हॅश) : नंबरचे शेवटचे दोन अंक ४७ असतील तर थेट ४७ व्या खणात हात घालायचा. नेमका नंबर हाताशी असेल तर फार झटपट. पण ‘१९५५ ते १९६० मधली मुलं’ तिला सांगता येत नाहीत.

आजोबांचं नाव ‘विठ्ठल’ की ‘विठल’ लिहिलंय, हेही आपल्याला नक्की ठाऊक नसतं. क्रमवार सूचीत ही दोन्ही जवळजवळ सापडतात. खणांत कुठल्या कुठे जातात. म्हणून या कामाला क्रमवारच हवी.

मग सगळ्याच रकान्यांच्या सूच्या का करू नयेत? कारण प्रत्येक नवा दाखला सगळ्या सूच्यांत, आणि प्रत्येक नावदुरुस्ती ते नाव असलेल्या सगळ्या सूच्यांत करावी लागते. वहीत एक जरी राहिली तरी नोंद असूनही ‘सापडत नाही’ असं उत्तर जातं आणि मुलीचा दाखला अडतो. संगणक हे आपोआप करतो, पण वेळ आणि जागा त्यालाही लागतेच.

वर्गात करून पाहा : ३१ चिठ्ठ्यांवर नावं लिहा. आधी विस्कटून, मग अकारविल्हे लावून एक नाव शोधायला सांगा. दुसऱ्या वेळी मधोमध पाहत गेलं तर जास्तीत जास्त पाच वेळा पाहून सापडतं. मग मुलांनाच विचारा, “वाढदिवस शोधायचा असेल तर ही रांग चालेल का?” उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या.