अवधान-न्यूनता व अतिचंचलता : धृतीच्या अंगाने विचार

सहामाही व वार्षिक परीक्षांचे दिवस जवळ आले की आपल्या चिकित्सालयांत आणि औषधांच्या दुकानांत एक मागणी ठरलेली असते. मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, बुद्धी वाढेल असे काही द्या. शंखपुष्पी अथवा ब्राह्मीच्या सिरपची बाटली दिली जाते आणि विषय तेथेच संपतो. अशा मुलांपैकी पुष्कळशी निरोगीच असतात. परीक्षा संपली की त्यांची तक्रारही संपते. मात्र त्यांच्यातच अधूनमधून असे एखादे मूल असते की ज्याची तक्रार बालवाडीपासून चालत आलेली असते, शाळेच्या डायरीची पाने शेऱ्यांनी भरलेली असतात, आणि घरी रोज संध्याकाळी गृहपाठावरून रडारड व मारझोड होत असते. त्याच्या बुद्धीत काही उणे नसते. प्रस्तुत लेखात अशा मुलांचा, आणि हीच व्याधी घेऊन प्रौढ झालेल्यांचा विचार करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, येथे मेधेपेक्षा धृती दुबळी असते, आणि हा भेद ध्यानात न घेता केलेली चिकित्सा बाटलीपुरतीच राहते.

व्याधीचा परिचय

पालक आता या व्याधीस 'एडीएचडी' या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखतात. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धी सामान्य असूनही स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० साली 'अवधान-न्यूनता' हे नाव आले आणि १९८७ साली त्यास अतिचंचलतेची जोड मिळाली. याच वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत लक्षणांचे दोन गट आहेत, एक अनवधानाचा व दुसरा चंचलता-उतावीळपणाचा. प्रत्येकात ९ लक्षणे. त्यांपैकी एका तरी गटातील किमान ६ लक्षणे (१७ वर्षांपुढे ५) निदान ६ महिने टिकून असावीत, त्यांतील काहींची सुरुवात वयाच्या १२ वर्षांपूर्वीची असावी, ती घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे जीवनव्यवहार बिघडत असावा, अशा अटी आहेत. जगभरातील पाहण्यांवरून मुलांमध्ये सुमारे ५ टक्के व प्रौढांमध्ये सुमारे २.५ टक्के हे प्रमाण मानले जाते. आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा, ७० ते ८० टक्क्यांच्या घरात, असल्याचे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. आपल्या परिभाषेत बोलायचे तर बीजदोषाचा विचार येथे अग्रक्रमाने करावा लागतो. आईच्या लाडाने मूल बिघडले, हा आजीआजोबांचा ठपका त्यामुळे निराधार ठरतो, आणि हे त्या आईसमोरच सांगणे आम्ही चिकित्सेचा भाग मानतो.

मराठीत अशा मुलांसाठी शब्दांची वाण नाही. धांदरट, वेंधळा, विसरभोळा, मस्तीखोर, उपद्व्यापी. यांतील प्रत्येक शब्द स्वभावाला नाव ठेवतो, व्याधीकडे बोट दाखवीत नाही. त्यातही 'मस्तीखोर' मुलगा निदान वैद्यापर्यंत पोहोचतो; 'वेंधळी' मुलगी पोहोचत नाही. ती कोणाला त्रास देत नाही, खिडकीशी बसून असते, डबा आणि छत्री शाळेत विसरते आणि वर्षागणिक मागे पडत जाते. आमच्याकडे अशा मुली बहुधा डोकेदुखी वा पोटदुखीसाठी येतात, आणि मूळ तक्रार चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर बाहेर येते.

संप्राप्तिविचार

संहितांमध्ये या लक्षणसमुच्चयाचे एका नावाने वर्णन नाही. काही लेखक याचा अंतर्भाव वातज उन्मादात करतात. आम्हांस ते पटत नाही. उन्मादात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम चरकाचार्यांनी सांगितला आहे. आपल्या मुलाला तर काय करावे हे नेमके ठाऊक असते. विचारले तर तो बिनचूक सांगतो. वेळेवर ते करणे तेवढे त्याला साधत नाही.

चरक शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात धी, धृती व स्मृती यांच्या विभ्रंशाचा स्वतंत्र विचार आहे. विषयांकडे धावणाऱ्या मनाला अहितापासून रोखते ती धृती. तिचे स्वरूपच नियमनाचे. त्याच अध्यायात मनाची कर्मे सांगताना इंद्रियांचे नियंत्रण आणि मनाचा स्वतःवरील निग्रह या दोहोंचा उल्लेख येतो. आता पालकांचा नेहमीचा प्रश्न घ्या. "वैद्यराज, टीव्हीपुढे दोन-दोन तास हलत नाही, मग याला लक्ष नाही असे कसे म्हणता?" टीव्हीसमोर मनाला बाहेरचा विषय धरून ठेवतो, दर क्षणी नवे चित्र, नवा आवाज. निग्रहाचे काम तेथे विषयच करतो. गणिताच्या वहीपुढे ते काम स्वतःच्या मनाने करायचे असते, आणि तेथेच मूल उघडे पडते. अवधानाचा साठा नाही असे नव्हे. तो आपल्या इच्छेनुसार वळविता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७ साली मांडलेल्या उपपत्तीतही या व्याधीचे मूळ स्वतःस आवरण्याच्या क्षमतेतच शोधले आहे. दोन शास्त्रांच्या भाषा निराळ्या असल्या तरी दोन्ही एकाच ठिकाणी येऊन थांबतात, हे आम्हांस लक्षणीय वाटते.

दोषविचारात वायू प्रधान, कारण मनाचा नियंता व प्रणेता तोच; मानस दोषांत रज. मात्र वातप्रकृती आणि ही व्याधी यांची गल्लत करू नये. वातप्रकृतीचे मूल चटकन आरंभ करते, चटकन विसरते, बडबडते. पण ते वर्गात टिकते, त्याला मित्र असतात, आणि धाक वा आवड असेल तर काम तडीस जाते. प्रकृतीने जीवन अडत नाही. जीवन अडते तेथे विकृती मानावी.

निदान करताना

अर्ध्या तासाच्या तपासणीवरून निदान करू नये. नव्या जागी, अनोळखी वैद्यापुढे, असे मूलही शहाण्यासारखे बसते. घर, शाळा आणि शक्य असल्यास खेळाचे मैदान अशा ठिकाणांची माहिती घ्यावी. वर्गशिक्षकांकडून चार ओळी लिहून आणावयास सांगावे. मागील इयत्तांची प्रगतिपुस्तके मागवून त्यांतील शेरे वाचावेत. तेथे वर्षानुवर्षे तेच वाक्य फिरून फिरून आलेले दिसते.

त्याचबरोबर इतर कारणे वगळावीत. पांडुता व लोहाची कमतरता, अवटु ग्रंथीचे विकार, कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज, वाढलेल्या गिलायूंमुळे रात्री घोरणे व त्यामुळे अपुरी झोप, ही सर्व अनवधानाच्या वेषात येतात. २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे वाचनाची अक्षमता घराघरांत माहीत झाली, हे चांगलेच झाले. पण ती व्याधी निराळी आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात. काही सेकंद टक लावून शून्यात पाहणारे, हाक मारली तरी भानावर न येणारे आणि मग जणू काही घडलेच नाही असे पुढचे वाक्य बोलणारे मूल दिसल्यास अपस्माराची शंका घ्यावी आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. आम्ही हे निक्षून सांगतो, कारण अशा मुलांना 'तंद्री लागते' म्हणून महिनोन्महिने मेध्य सिरप पाजले जाते.

प्रौढांविषयी

वय वाढते तसे धावणे-उड्या मारणे कमी होते. आतली अस्वस्थता व अव्यवस्था राहते. मुलाला घेऊन आलेले एक अडतीस वर्षांचे छापखान्याचे मालक आमचे प्रश्न ऐकता ऐकता म्हणाले, "हे सगळे माझेच चालले आहे." वीजबिल दर वेळी दंडासह भरलेले, गिऱ्हाइकांना दिलेल्या तारखा चुकलेल्या, तीन वेळा सुरू करून सोडलेला पदवीचा अभ्यास. आपण आळशी आहोत, अशीच त्यांची समजूत होती. बालरुग्णाचा इतिहास घेताना आईवडिलांकडेही पाहावे ते याचसाठी. मात्र प्रौढपणीच नव्याने सुरू झालेल्या अनवधानास ही व्याधी म्हणू नये. तेथे विषाद, चिंता, निद्रानाश, मद्य व तंबाखू यांचा शोध आधी घ्यावा.

चिकित्सा

प्रथम एक स्पष्ट सूचना. मेथिलफेनिडेट वा अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधे मनोविकारतज्ज्ञांनी सुरू केली असतील तर ती आपण बंद करावयास सांगू नयेत. त्यांचा गुण चांगल्या चाचण्यांनी सिद्ध झालेला आहे. त्यांनी भूक मंदावते, झोप लांबते, नाडी व रक्तदाब वाढू शकतात. आणि नेमके येथे आपले शास्त्र उपयोगी पडते. सकाळची मात्रा पोटभर न्याहारीनंतर द्यावी, संध्याकाळी औषधाचा जोर ओसरल्यावर स्निग्ध व सुपाच्य जेवण द्यावे, वजन व उंचीची नोंद ठेवावी.

चिकित्सेचा कणा सत्त्वावजय आहे. जी धृती आत कमी पडते तिचा आधार बाहेरून उभा करावयाचा. सूचना एका वेळी एकच, मुलाच्या डोळ्यांत पाहून, थोडक्यात द्यावी. एका पानाच्या गृहपाठाचे तीन तुकडे करावेत व प्रत्येकानंतर पाच मिनिटे हिंडू द्यावे. शाबासकी त्याच क्षणी द्यावी. रविवारी मिळणारे बक्षीस या मुलाच्या मनाला फार दूरचे असते. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवावे, आणि त्याची जागा बदलू नये. सहा वर्षांखालील मुलांत तर पालकांना हे शिकविणे हाच पहिला उपचार होय. उपरोक्त छापखान्याच्या मालकांना आम्ही कामाचा फळा गिऱ्हाइकांना दिसेल असा समोरच्या भिंतीवर लावावयास सांगितले व तारखा सांभाळण्याचे काम पत्नीकडे सोपविले. मनोविकारतज्ज्ञांचे औषधही त्यांना सुरू झाले. आता तारखा चुकत नाहीत असे नाही, पण चुकण्यापूर्वी गिऱ्हाइकाला फोन जातो.

दिनचर्येत उठण्याची व निजण्याची वेळ बांधावी. सकाळी तिळतेलाचा अभ्यंग, संध्याकाळी घाम येईल असा व्यायाम; मल्लखांब वा पोहणे यांत अशी मुले रमतात. रात्री काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळणे हा आपल्याकडील जुना उपाय झोपेसाठी सोयीचा आहे, आणि ती दहा मिनिटे मायलेकरांना भांडणाविना एकत्र मिळतात, हा लाभ वेगळाच. नस्य सात वर्षांपूर्वी देऊ नये. शिरोधारेसाठी स्वस्थ पडून राहावे लागते. अतिचंचल बालकास धरून ठेवून ती करण्यात अर्थ नाही. साखरेने मुले चेकाळतात ही समजूत चाचण्यांत टिकली नाही. काही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने चंचलता वाढल्याचे मात्र २००७ साली ब्रिटनमधील साउथहॅम्प्टनच्या अभ्यासात आढळले होते, तेव्हा रंगीत पेये व गोळ्या टाळाव्यात.

औषधांत प्रथम अग्नी व कृमी पाहावेत, मग मेध्य रसायने योजावीत. चरकोक्त चार मेध्यांत मण्डूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी येतात. ब्राह्मीघृत वय व अग्नी पाहून अर्धा ते एक चमचा सकाळी कोमट दुधातून आम्ही देतो. तीन महिन्यांनी शिक्षकांचा अभिप्राय पुन्हा मागवावा. फरक नसेल तर औषध थांबवावे. ब्राह्मीच्या गुणाविषयी बोलताना हात राखून बोलावे हे बरे. मेलबर्न येथे ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत, १४ आठवड्यांनंतर चंचलता व अनवधान या मुख्य लक्षणांत निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. झोप व विचारांची लवचिकता यांसारख्या काही गौण बाबींत सुधारणा आढळली. ब्राह्मी सहायक आहे, एवढेच आज प्रामाणिकपणे सांगता येते.

औषधविक्रेत्यांसाठी

'ब्राह्मी' म्हणून बाजारात दोन वनस्पती येतात. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी, आणि कारिवणा अर्थात सेंटेला एशियाटिका ही मण्डूकपर्णी. शंखपुष्पीच्या नावाखालीही कॉन्व्हॉल्व्हुलसऐवजी विष्णुक्रांता किंवा गोकर्ण येऊ शकते. घाऊक माल घेताना शास्त्रीय नाव व उपयुक्तांग बिलावर लिहून घ्यावे.

सारस्वतारिष्टात स्वयंजनित मद्यांश असतो. लहान मुलांना ते सहज म्हणून देऊ नये. सारस्वत चूर्णात वेखंडाचे प्रमाण मोठे असते व वेखंडातील बीटा-असॅरोन या घटकाविषयी प्राण्यांवरील प्रयोगांतून शंका निघालेल्या आहेत. दीर्घकाळ देऊ नये. यष्टीमधाने रक्तदाब वाढतो, म्हणून मेथिलफेनिडेट घेणाऱ्यास ते नित्य देणे टाळावे. सुवर्णयुक्त वा इतर धातुकल्प वैद्याच्या चिठ्ठीविना बालकांस विकू नयेत. अपस्माराचे फेनिटॉइन घेणाऱ्या मुलास शंखपुष्पीचे सिरप देणे धोक्याचे आहे : रुग्णांचे झटके पुन्हा सुरू झाल्यावरून मुंबईतील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले आणि अशा सिरपमुळे रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटत असल्याचे १९९२ साली दाखवून दिले.

दुकानात 'एकाग्रतेचा हमखास उपाय' अशा पाट्या लावणाऱ्यांनी १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा एकदा वाचावा. त्याच्या परिशिष्टात मेंदूच्या विकारांचा उल्लेख आहे. मेथिलफेनिडेट हे अनुसूची 'एक्स' मधील औषध असून त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते व एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षे जपून ठेवावयाची असते. आणि एकच पालक परीक्षा नसताना तिसऱ्यांदा तीच बाटली मागू लागला, तर बाटली देण्याआधी एवढे विचारावे : ही तक्रार किती वर्षांची, आणि शाळेतही तीच आहे का? दोन्ही उत्तरे होकाराकडे झुकली, तर त्या मुलास वैद्याकडे पाठवावे.