परराज्यात पळालेला अधिकारी परत कसा आणतात?

बेळगावातील वयोवृद्ध मंडळींच्या तोंडून आम्ही लहानपणी एक गोष्ट वरचेवर ऐकत असू. इंग्रजी अमदानीत बेळगाव शहर खालशात होते आणि त्याला अगदी खेटून असलेले शहापूर मात्र सांगली संस्थानात होते. आज आपण बोलता बोलता जी हद्द ओलांडून जातो, तिच्या पलीकडे त्या काळी राज्य निराळे, फौजदार निराळा आणि कोर्टही निराळे. बेळगावात कुणाचा ऐवज लांबवून भामटा शहापुरात शिरला, तर इकडच्या शिपायाने नुसते मागे धावून भागत नसे, असे ही मंडळी सांगत. कागद जायचे, कागद यायचे, आणि मग तो इसम स्वाधीन व्हायचा. संस्थाने आणि परदेश यांच्या बाबतीत गुन्हेगार स्वाधीन करण्यासंबंधी १९०३ सालचा एक स्वतंत्र कायदाच होता. १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झाले आणि ती हद्द पुसली गेली. जगातील इतर हद्दी मात्र जागच्या जागी आहेत.

आपल्या न्यासाच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "सर, सरकारी पैसा खाऊन अमका मनुष्य परदेशात जाऊन बसला. तो राहतो कुठे, हे वर्तमानपत्रात छापून येते. मग पोलीस त्याला विमानात घालून आणीत का नाहीत?" त्या संध्याकाळी आम्ही दिलेले उत्तर घाईचे व अपुरे होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची पुरवणी आहे.

प्रश्न आम्हांला नवा नव्हता. आमचे अब्बा शिवणकाम करीत. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी त्यांनी शेजारच्या जिल्ह्यातील एका पतसंस्थेत नऊ वर्षे पैसे साठविले. एके दिवशी संस्थेला कुलूप दिसले आणि व्यवस्थापक परराज्यात निघून गेल्याचे कळले. दीड वर्षाने पोलिसांनी त्याला धरून आणले. अब्बा तारखेला तारखेला कोर्टात जाऊन बसत. मनुष्य समोर पिंजऱ्यात उभा असे. पैसे कुठे आहेत हे मात्र कुणालाच सांगता येत नसे. आमच्या घरात या गुन्ह्याला "अमानतीत खयानत" असा शब्द होता, आणि मनुष्य परत आणणे व पैसा परत आणणे ही दोन वेगळाली कामे आहेत हे आम्ही शाळकरी वयातच शिकलो.

आता मोठे उदाहरण पाहू. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे उदाहरण आम्ही घेतो, कारण या विषयातील बहुतेक साऱ्या अडचणी तेथे एकाच प्रकरणात आल्या. आल्बेर्तो फुजिमोरी हा जपानहून आलेल्या आईबापांचा, लिमा शहरात वाढलेला मुलगा. राजकारणात येण्यापूर्वी तो शेतकी विद्यापीठात गणित शिकवीत असे व पुढे तेथील कुलगुरू झाला. म्हणजे पेशाने आमच्याच गोत्रातला, हे लिहिताना लेखणी जराशी अडखळते. १९९० साली तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. भडकलेली महागाई त्याने आटोक्यात आणली, १९९२ मध्ये दहशतवाद्यांचा म्होरक्या त्याच्या कारकिर्दीत पकडला गेला, त्यामुळे गोरगरीब जनतेचा मोठा वर्ग त्याला मानीत असे. परंतु त्याच १९९२ च्या एप्रिलात त्याने संसद बरखास्त करून सारी सत्ता हाती घेतली होती. आणि पडद्याआडची सूत्रे व्लादिमिरो मोन्तेसिनोस या त्याच्या सल्लागाराकडे होती. हेरखाते त्याच्या मुठीत होते.

या मोन्तेसिनोसला एक विलक्षण खोड होती. खासदार, सेनाधिकारी, दूरचित्रवाणीचे मालक यांना पैसे देताना तो लपविलेल्या कॅमेऱ्याने त्या भेटीची चित्रफीत करून ठेवी. पैसे घेणारा उद्या फिरला तर त्याच्या नाकात वेसण असावी, हा हेतू. चोराने स्वतःच रोजकीर्द लिहून ठेवावी तसा हा प्रकार झाला. १४ सप्टेंबर २००० रोजी त्यांतील एक चित्रफीत बाहेर फुटली. विरोधी पक्षातून फुटून सरकारपक्षात जाण्यासाठी एक खासदार १५,००० डॉलर घेत आहे, हे साऱ्या देशाने आपापल्या घरात बसून पाहिले.

त्यानंतर दोघेही पळाले, पण दिशा निराळ्या. मोन्तेसिनोस आधी पनामात गेला, परत आला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस एका शिडाच्या नौकेतून पुन्हा निसटला. फुजिमोरी नोव्हेंबरात ब्रुनेई येथील एका आंतरराष्ट्रीय परिषदेला म्हणून गेला, तेथून टोकियोस पोहोचला आणि तेथून त्याने राष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा फॅक्सने पाठविला. पेरूच्या संसदेने तो राजीनामा स्वीकारला नाही. नैतिक दृष्ट्या अपात्र ठरवून त्याला पदच्युत केले. राजीनामा देऊन सन्मानाने घरी जाणे वेगळे आणि हाकलले जाणे वेगळे, एवढा फरक त्या संसदेला नोंदवून ठेवायचा होता.

येथून पुढे खरा धडा सुरू होतो. एका देशाने दुसऱ्या देशाकडून आरोपी कायदेशीर रीतीने मागून घेणे, याला प्रत्यार्पण म्हणतात. ही मागणी आहे, हुकूम नव्हे. जपानने काय सांगितले? फुजिमोरीच्या आईबापांनी त्याच्या जन्माची नोंद जपानी वकिलातीत केली होती, सबब तो जपानी नागरिक आहे. आणि जपानचा कायदा आपला नागरिक सामान्यतः परक्या राज्याच्या स्वाधीन करू देत नाही. दोन्ही देशांत प्रत्यार्पणाचा करारही नव्हता. पेरूने २००३ साली रीतसर मागणी पाठविली, तिचे काही झाले नाही. जो देश आपला माणूस देत नाही त्याने निदान स्वतःच्या न्यायालयात त्याचा खटला चालवावा, असा एक जुना न्याय आहे. जपानने तेही केले नाही. दहा वर्षे एका देशाचे अध्यक्षपद भोगून गरजेच्या वेळी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व पेटीतून काढावे, हे आम्हांला कोणत्याही कायद्याने पटण्यासारखे नाही.

पण माणसाची महत्त्वाकांक्षा पोलिसांपेक्षा मोठे काम करते. पेरूमध्ये २००६ साली निवडणूक व्हायची होती आणि फुजिमोरीला पुन्हा उभे राहायचे होते. ६ नोव्हेंबर २००५ रोजी तो खाजगी विमानाने शेजारच्या चिली देशात उतरला. काही तासांतच त्याला अटक झाली. चिली व पेरू यांच्यात १९३२ सालचा प्रत्यार्पण करार होता, आणि जपानमध्ये जी भिंत होती ती येथे नव्हती.

तरीही पुढे जवळजवळ दोन वर्षे लागली. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर या दोन वर्षांत आहे. चिलीचे न्यायालय फुजिमोरी दोषी की निर्दोष हे ठरवीत नव्हते. त्याच्यापुढे प्रश्न निराळे होते. जे कृत्य पेरूत गुन्हा आहे ते चिलीतही गुन्हा आहे काय? गुन्हा पुरेसा गंभीर आहे काय? राजकीय सूड म्हणून तर मागणी आलेली नाही? आणि या माणसाचा हात त्यात आहे असे मानण्याजोगा पुरावा कागदावर आहे काय? २००६ च्या जानेवारीत पेरूने प्रकरणवार कागदपत्रांचे गठ्ठे पाठविले. जुलै २००७ मध्ये पहिल्या न्यायाधीशांनी मागणी साफ फेटाळली. (त्याच महिन्यात हे गृहस्थ चिलीत नजरकैदेत बसून जपानच्या वरिष्ठ सभागृहाची निवडणूक लढले आणि हरले.) पेरूने अपील केले. २१ सप्टेंबर २००७ रोजी चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरविला आणि तेरांपैकी सात आरोपांपुरते प्रत्यार्पण मंजूर केले. दोन मनुष्यहत्येसंबंधी, पाच भ्रष्टाचारासंबंधी. दुसऱ्या दिवशी फुजिमोरीला लिमाला नेण्यात आले.

तेरांपैकी सात, हा आकडा आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो. परदेशी न्यायालय आमच्या देशातील संतापाला बांधलेले नाही. संताप कितीही खरा असो, त्याच्यापुढे जातो तो कागद. ज्या आरोपाचा कागद उभा राहिला तो पार झाला, उरलेले गळले. आपल्याकडे असा विलंब झाला की "तिकडच्या न्यायाधीशांनाही पैसे पोहोचले असतील" असे चहाच्या टपरीवर सहज बोलले जाते. आम्हांला ते मान्य नाही. याच चाळणीमुळे निरपराध माणूसही एखाद्या सूडबुद्धीच्या सरकारच्या हाती पडण्यापासून वाचतो. ती चाळणी चोरासाठी एक व सज्जनासाठी दुसरी ठेवता येत नाही.

शिवाय सात आरोपांपुरते प्रत्यार्पण म्हणजे खटलाही त्या सातांपुरताच. पुढे आणखी प्रकरणांसाठी पेरूला पुन्हा चिलीकडेच परवानगी मागावी लागली. भारतालाही हा नियम ठाऊक आहे. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांतील अबू सालेम हा काही सरकारी अधिकारी नव्हे, परंतु २००५ मध्ये पोर्तुगालने त्याला स्वाधीन केले तेव्हा मृत्युदंड किंवा पंचवीस वर्षांहून अधिक कैद होणार नाही, असे भारत सरकारने वचन दिले होते. आणि हे वचन सरकारवर बंधनकारक आहे असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. शब्द मोडला तर पुढच्या वेळी दार उघडत नाही.

मोन्तेसिनोसची हकिगत याच्या उलट. तो व्हेनेझुएलात दडला होता. त्याचे पैसे सोडविण्यासाठी मायामीत खटपट करणारा त्याचा एक मदतनीस अमेरिकी पोलिसांच्या हाती लागला आणि त्यावरून ठावठिकाणा मिळाला. जून २००१ मध्ये काराकास येथे तो पकडला गेला आणि दोन दिवसांत लिमाला पोहोचला, कारण व्हेनेझुएलाने त्याला प्रत्यार्पणाच्या फेऱ्यात न घालता सरळ देशाबाहेर काढले. एकाला दोन दिवस, दुसऱ्याला दोन वर्षे, ती टोकियोतील पाच वर्षे सोडून.

फुजिमोरीवरील मुख्य खटला उघड्या न्यायालयात चालला, दूरचित्रवाणीवरून देशाने पाहिला. मोन्तेसिनोसच्या पत्नीच्या घराची झडती घेण्यासाठी खोटा सरकारी वकील उभा करून पाठविल्याबद्दल डिसेंबर २००७ मध्ये त्याला सहा वर्षे. हत्याकांडांबद्दल एप्रिल २००९ मध्ये पंचवीस वर्षे. मोन्तेसिनोसला सरकारी तिजोरीतून दीड कोटी डॉलर दिल्याबद्दल जुलै २००९ मध्ये साडेसात वर्षे. त्या सप्टेंबरात लाचखोरी व चोरून टेलिफोन ऐकणे यांची त्याने स्वतःच कबुली दिली. २०१७ साली त्याला माफी मिळाली, २०१८ मध्ये ती रद्द झाली, डिसेंबर २०२३ मध्ये तो पुन्हा सुटला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वारला. माफीचा वाद पेरूच्या लोकांनी मिटवायचा. परंतु निकालपत्रे लिहिली गेली आणि ती राहिली, हे आमच्या मते थोडे नव्हे.

आणि पैसा? त्याची वाट निराळी होती आणि ती आधी उघडली. नोव्हेंबर २००० मध्ये, फुजिमोरी अजून अध्यक्षपदावर असताना, स्वित्झर्लंडने मोन्तेसिनोसची बँकखाती गोठविल्याचे पेरूला कळविले. सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर त्यांत होते. तपास तेथील न्यायाधिकाऱ्यांनी आपण होऊन सुरू केला होता. ऑगस्ट २००२ मध्ये मोन्तेसिनोस व त्याच्या गोटातील लोकांचे मिळून ७ कोटी ७५ लाख डॉलर पेरूला परत मिळाले; २००४ मध्ये अमेरिकेने आणखी सुमारे दोन कोटी डॉलर दिले. म्हणजे चिलीचा निकाल लागण्यापूर्वी पाच वर्षे स्वित्झर्लंडचा पैसा लिमात पोहोचलाही होता. मात्र फुजिमोरीच्या राजवटीत एकंदर ६० कोटी डॉलर गिळले गेले असावेत, असा ट्रान्सपेरन्सी इंटरनॅशनल या संस्थेचा अंदाज होता. त्या मानाने परत आलेले किती, याचे गणित वाचकांनी करून पाहावे. फुजिमोरीने न्यायालयाने ठरविलेली नुकसानभरपाईसुद्धा मरेपर्यंत पूर्ण भरली नाही.

आपल्या देशात १९०३ च्या कायद्याची जागा १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याने घेतली. भ्रष्टाचाराविरुद्ध संयुक्त राष्ट्रांचा २००३ सालचा करार आहे; त्यात चोरलेली मालमत्ता मूळ देशाला परत करण्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे आणि भारताने तो २०११ मध्ये मान्य केला. २०१८ च्या फरारी आर्थिक गुन्हेगार कायद्याने तर माणूस हाती लागण्याची वाट न पाहता त्याची मालमत्ता जप्त करण्याची सोय झाली आहे. दोन कामे दोन हातांनी एकाच वेळी करावीत, हे त्यात मान्य झाले. मात्र हा कायदा शंभर कोटी रुपये व त्यावरील प्रकरणांनाच लागू आहे.

अब्बांच्या पतसंस्थेतील एकंदर रक्कम शंभर कोटींच्या जवळपासही नव्हती. व्यवस्थापकाला शिक्षा झाली त्या दिवशी अब्बा कोर्टातून घरी आले, चहा प्याले आणि यंत्रावर बसले. बहिणीचे लग्न दोन वर्षे पुढे गेले. ते पासबुक आमच्या कपाटात अजून आहे. शेवटच्या नोंदीखाली व्यवस्थापकाची सही आहे, आणि अक्षर फार सुरेख आहे.