कुंभकोणमचा भात, विड्याची पाने आणि डिझेल पिकअप : निवडीचा ताळेबंद

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे शहर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसले आहे. मराठी वाचकास हा प्रदेश सर्वस्वी परका नाही. तंजावरच्या भोसले घराण्याची गादी १८५५ पर्यंत टिकली आणि तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आजही या भागात राहतात. कृषिशास्त्राच्या दृष्टीने या परिसराची ओळख मात्र भाताची आहे. कुंभकोणमजवळच्या आडुदुरै येथे १९२२ मध्ये सुरू झालेले भात संशोधन केंद्र असून तेथून प्रसारित झालेले ‘एडीटी’ मालिकेतील वाण खोऱ्याच्या पलीकडेही पोहोचले आहेत. भाताच्या जोडीला नागवेलीचे मळे, नारळ आणि केळी ही येथील नगदी पिके होत. कुंभकोणमच्या विड्याच्या पानास २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या भागातील कुरुवै हंगामाच्या भाताची काढणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. ईशान्य मोसमी पावसाची सुरुवातही त्याच सुमारास होते. शासकीय खरेदीसाठी भातातील ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा १७ टक्के आहे. मळणी झालेला भात खळ्यावर पावसात सापडला, तर दाण्याला मोड येतो, रंग उतरतो आणि वर्षभराची मेहनत काही तासांत निम्म्या मोलाची होते. अशा वेळी वाहन दारात उभे असणे किंवा नसणे यावर कुटुंबाचे उत्पन्न ठरते. म्हणूनच अनेक शेतकरी गट कर्ज काढून स्वतःचे डिझेल पिकअप घेण्याचा विचार करतात. हा निर्णय कोणत्या निकषांवर घ्यावा, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे. रायगड, सिंधुदुर्ग, भंडारा आणि गोंदिया येथील भात उत्पादकांनाही हाच हिशेब थोड्याफार फरकाने लागू पडतो.

आधी माल, मग वाहन

वाहनाची निवड मालाच्या स्वरूपावरून व्हावयास हवी. भात हा वजनदार माल आहे, तर विड्याची पाने हा हलका, नाजूक आणि नाशवंत माल आहे. भातासाठी वहनक्षमता महत्त्वाची ठरते. पानांच्या करंड्यांसाठी हौद्याची लांबी, सावली आणि वेळेवर पोहोचण्याची खात्री महत्त्वाची ठरते.

तमिळनाडूतील खरेदी केंद्रांवर भाताचे पोते ४० किलोचे असते. त्या हिशेबाने १.३ टन क्षमतेच्या वाहनात ३२ पोती, १.७ टनांच्या वाहनात ४२ पोती आणि २ टनांच्या वाहनात ५० पोती बसतात. एकरी २४ क्विंटल उत्पादन आले असे धरल्यास ६० पोती होतात. एका एकराचा भात नेण्यासाठी या तिन्ही वाहनांना दोनच फेऱ्या कराव्या लागतात. दोन एकरांच्या १२० पोत्यांसाठी मात्र १.३ टनांच्या वाहनाला चार, तर १.७ आणि २ टनांच्या वाहनांना प्रत्येकी तीन फेऱ्या लागतात. म्हणजेच मोठे वाहन घेतल्याने फेऱ्या नेहमीच कमी होतात असे नाही. गटातील सभासदांची सरासरी धारणा आणि एका दिवसात होणारी काढणी यांचा मेळ घालूनच क्षमता ठरवावी.

बाजारातील प्रमुख पर्याय

दक्षिणेत ज्याला ‘कुट्टी यानै’ आणि महाराष्ट्रात ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतात, ते टाटा एस हे वाहन २००५ मध्ये आले आणि लहान मालवाहतुकीचे चित्र पालटले. त्याच्या वरच्या गटातील डिझेल पिकअप हा येथील तुलनेचा विषय आहे.

महिंद्रा बोलेरो पिकअप मालिकेत २५२३ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन असून प्रकारानुसार ताकद ७५ ते ८० अश्वशक्ती आणि टॉर्क २०० ते २२० न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. वहनक्षमता १.३ ते २ टनांपर्यंत मिळते.

टाटा योद्धा २.० हे २०२२ मध्ये सादर झालेले वाहन २ टन माल वाहते. त्याच्या २.२ लिटर इंजिनाची ताकद सुमारे १०० अश्वशक्ती आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे. टाटाच्याच इन्ट्रा व्ही-३० मध्ये १.५ लिटरचे, ७० अश्वशक्तीचे इंजिन असून क्षमता १.३ टन आहे.

अशोक लेलँडचे दोस्त हे वाहन २०११ मध्ये, तर बडा दोस्त २०२० मध्ये बाजारात आले. बडा दोस्तमध्ये १.५ लिटरचे तीन सिलिंडरचे, ८० अश्वशक्तीचे व १९० न्यूटन-मीटर टॉर्कचे इंजिन आहे. त्याच्या मोठ्या प्रकाराची क्षमता १.८ टनांच्या घरात आहे. या वाहनाचा कारखाना तमिळनाडूतील होसूर येथे असल्याने स्थानिक कारागिरांचा त्यावर हात बसलेला आहे.

इसुझू डी-मॅक्स हे आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथे तयार होते. त्याचे इंजिन २४९९ घनसेंटिमीटरचे, ७८ अश्वशक्तीचे असून टॉर्क १७६ न्यूटन-मीटर आहे. क्षमता प्रकारानुसार सव्वा ते १.७ टन असते.

उत्पादक वेळोवेळी हे तपशील बदलतात. त्यामुळे खरेदीच्या वेळी नोंदणी पुस्तिकेवर येणारे एकूण वजन आणि रिकाम्या वाहनाचे वजन यांतील फरक स्वतः पडताळून पाहावा. जाहिरातीतील आकड्यापेक्षा कायद्याने मान्य असलेली वहनक्षमता हीच आहे.

ताकद : कागदावरची आणि रस्त्यावरची

७० आणि १०० अश्वशक्ती यांत कागदावर मोठे अंतर दिसते. कावेरीच्या सपाट खोऱ्यात हे अंतर किती उपयोगी पडते, हे साध्या गणिताने तपासता येते. मालासह ३ टन वजनाचे वाहन सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने चालवण्यासाठी, चाकांचा व हवेचा अवरोध आणि गिअरमधील घट धरूनही, सुमारे २२ अश्वशक्ती पुरते. तेच वाहन ६ टक्के चढावर ताशी ४० किलोमीटर वेगाने न्यायचे झाल्यास ४० ते ४५ अश्वशक्ती लागते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कुंभकोणम ते तंजावर किंवा तिरुचिरापल्ली अशा सपाट वाटेवर वरीलपैकी कोणतेही इंजिन पुरेसे आहे. तेथे अधिक अश्वशक्तीसाठी मोजलेले पैसे बहुतेक वेळा वायाच जातात. याउलट कसारा, आंबोली किंवा फोंडा घाटातून नियमित ये-जा करणाऱ्या कोकण आणि देशावरील शेतकऱ्यांना मोठे इंजिन आणि जास्त टॉर्क यांचा खरा लाभ होतो, कारण चढावर खालच्या गिअरमध्ये तासन्‌तास ताणून चालणारे लहान इंजिन लवकर झिजते.

ओल्या बांधावरून किंवा चिखलातून भरलेली गाडी बाहेर काढताना इंजिनापेक्षा मागच्या टायरांची पकड कमी पडते. त्या ठिकाणी खोल नक्षीचे टायर, जमिनीपासूनची उंची आणि उपलब्ध असल्यास चारही चाकांना ताकद देणारा प्रकार यांचा विचार करावा. अन्यथा माल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने डांबरी रस्त्यापर्यंत आणून तेथे पिकअपमध्ये भरणे अधिक शहाणपणाचे ठरते.

टिकाऊपणा : वाहन कशाने झिजते?

पिकअपचे आयुष्य प्रामुख्याने चार कारणांनी घटते.

पहिले कारण अतिभार. क्षमतेपेक्षा दीडपट माल भरल्यास पाटे बसतात, मागचा आस आणि क्लच झिजतो आणि ब्रेक लागण्याचे अंतर वाढते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार अतिभारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक अधिक टनामागे २,००० रुपये दंड आहे. एका दंडात अनेक फेऱ्यांची बचत संपते.

दुसरे कारण गंज. पोटॅश खतातील क्लोराइड, युरिया आणि किनारपट्टीची दमट हवा यांमुळे हौद्याचा पत्रा आतून खाल्ला जातो. खत वाहून झाल्यावर हौदा त्याच दिवशी धुऊन कोरडा करावा.

तिसरे कारण धूळ. मळणीच्या काळातील भुसा व तूस हवेच्या गाळणीत साचतात. हंगामात गाळणी दर आठवड्यास तपासणे इष्ट होय.

चौथे कारण नवे आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे डिझेल वाहनांच्या धुरमार्गात काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी धुराचे तापमान बराच वेळ उच्च राहावे लागते. शेत ते खरेदी केंद्र अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तापमान गाठले जात नाही आणि गाळणी तुंबते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी वाहन मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग चालवावे. सूचक दिवा लागल्यास दुर्लक्ष करू नये. काजळी जळत असताना धुरमार्ग अतिशय तापतो. त्या वेळी वाळलेल्या पेंढ्यावर वाहन उभे करणे म्हणजे आगीस निमंत्रण देणे होय.

मोल : विकत घ्यावे की भाड्याने?

खालील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गटाने त्या जागी स्वतःचे आकडे भरावेत.

समजा, वाहनाची किंमत १० लाख रुपये असून ८ वर्षांनी ते ३ लाखांना विकले जाईल. वार्षिक घसारा ८७,५०० रुपये झाला. कर्जावरील सरासरी व्याज ५५,०००, विमा व कर ४५,००० आणि चालकाचे वेतन १,८०,००० रुपये धरल्यास वार्षिक स्थिर खर्च ३,६७,५०० रुपये होतो. डिझेल, टायर आणि देखभाल मिळून प्रतिकिलोमीटर ११ रुपये लागतात आणि भाड्याचे वाहन २५ रुपये दराने मिळते, असे मानू. प्रत्येक किलोमीटरला १४ रुपये वाचतात. स्थिर खर्च भरून निघण्यासाठी वर्षाला २६,२५० किलोमीटर, म्हणजे ३०० दिवस रोज सुमारे ८८ किलोमीटर धाव हवी. गटातील सभासद स्वतः वाहन चालवत असेल आणि वेतन घेत नसेल, तर ही मर्यादा सुमारे १३,४०० किलोमीटरवर येते.

आता केवळ भाताच्या हंगामापुरता विचार करू. ६० दिवस, रोज ८० किलोमीटर, म्हणजे ४,८०० किलोमीटर. भाड्याने १,२०,००० रुपये लागतील. स्वतःच्या वाहनास, पगारी चालकासह, ४,२०,३०० रुपये पडतील. हा ३ लाखांचा फरक लहान गटाला कर्जाच्या गाळात ढकलण्यास पुरेसा आहे. म्हणून पाने, भाजीपाला, नारळ किंवा निविष्ठा यांची बारमाही वाहतूक हाती असेल तरच स्वतःचे वाहन परवडते. हंगामापुरती गरज असल्यास काढणीपूर्वीच भाड्याचा करार करून ठेवणे श्रेयस्कर.

दोन वाहनांत निवड करताना इंधनाचा फरकही पाहावा. डिझेल ९२ रुपये लिटर आणि वार्षिक धाव २६,००० किलोमीटर धरल्यास, लिटरला १० ऐवजी १२ किलोमीटर देणारे वाहन वर्षाला सुमारे ४०,००० रुपये वाचवते. आठ वर्षांत ही रक्कम ३ लाखांच्या पुढे जाते. शोरूममध्ये मिळणाऱ्या २०-३० हजारांच्या सवलतीपेक्षा ती कितीतरी मोठी आहे.

हौद्यातून होणारा किडींचा प्रवास

वाहनाच्या तुलनेत सहसा न मोजली जाणारी एक बाब पीक संरक्षणाशी निगडित आहे. पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइमतूर येथे आढळला आणि २०१० मध्ये पुणे परिसरात पोहोचला. नारळावरील रुगोज चक्राकार पांढरी माशी २०१६ मध्ये पोल्लाची भागात प्रथम दिसली आणि पुढे इतर नारळपट्ट्यांत पसरली. अशा किडी स्वतः फार दूर जात नाहीत. रोपे, झावळ्या, फळे आणि वाहनांच्या हौद्यांबरोबर त्या जिल्हे ओलांडतात.

साठवणुकीतील सोंडकिडा आणि धान्यावरील पतंग हौद्याच्या फटींत अडकलेल्या दाण्यांवर वाढतात व पुढच्या खेपेतील निरोगी भातात शिरतात. यासाठी सपाट, फटी नसलेला, तिन्ही बाजूंचे फाळके उघडणारा हौदा निवडावा. त्यात झाडू आणि पाण्याचा फवारा कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. भात भरण्यापूर्वी हौदा झाडून काढावा. जुनी पोती उन्हात वाळवून मगच वापरावीत. कीटकनाशके आणि धान्य किंवा पाने एकाच खेपेत कदापि नेऊ नयेत. भातावरील खोडकिड्यासाठी ट्रायकोकार्ड नेताना ती काचेजवळ किंवा इंजिनाच्या उष्णतेजवळ न ठेवता शीतपेटीत ठेवावीत, अन्यथा शेतात पोहोचेपर्यंत परोपजीवी कीटक मृत झालेले असतात.

सारांश

कुंभकोणमसारख्या सपाट भातपट्ट्यात १.३ ते १.७ टन क्षमतेचे, कमी इंधन पिणारे आणि जवळच्या कारागिरास दुरुस्त करता येणारे पिकअप बहुतेक गटांना पुरेसे आहे. घाटवाटांवर किंवा रोज दोन टनांची वाहतूक असेल तेथे मोठ्या इंजिनाचा खर्च योग्य ठरतो. खरेदीपूर्वी मागील वर्षातील सर्व वाहतुकीची नोंद काढून वार्षिक किलोमीटरचा आकडा मांडावा, सुट्या भागांचे दुकान व सेवा केंद्र किती अंतरावर आहे ते पाहावे आणि भरलेल्या वाहनाने नेहमीच्या वाटेवर एक फेरी मारून पाहावी. ही नोंद हाती नसेल, तर एक हंगाम भाड्याच्या वाहनावर काढून प्रत्येक फेरीचे अंतर, वजन आणि खर्च वहीत लिहावा. पुढील हंगामापूर्वी त्या वहीवरूनच कर्जाचा निर्णय घ्यावा.